भागूबाईचा निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवते त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघते.

महाडच्या एका कॉलेजात मी पर्यटनाचा अभ्यास कसा करायचा ते शिकवते. हसू आलं ना? फिरण्याचा कसला आलाय अभ्यास! पण असतो. एक पद्धत मोजणाऱ्यांची—प्रश्नावली घ्या, घरोघर जा, होय-नाहीच्या खुणा करा, टक्के काढा. दुसरी राहणाऱ्यांची—वाडीत मुक्काम करा, चुलीपाशी बसा, लोक काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात तेही ऐका. माझे मार्गदर्शक पहिल्या पद्धतीचे. मला मनातून दुसरी आवडायची. प्रबंधात तिच्यावर माझं अख्खं प्रकरण आहे. चांगलं उतरलंय म्हणतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या प्रबंधासाठी मी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहिले. कर्ते पुरुष मुंबईला. मागे बायका, म्हातारी माणसं आणि गुरं. ती चरायची वाडीच्या सामाईक माळावर. त्याच माळावर मुंबईचा एक बांधकामवाला पर्यटकांसाठी बंगले बांधू पाहत होता. माझा मुक्काम भागूबाईकडे. विधवा, दोन म्हशी, जीभ तिखट. माझे कागद बघून म्हणायची, "गो बाय, येवढ्या खुणा करतेस, तेवढ्या गोवऱ्या थापल्या असत्यास तर माझा पावसाळा निघाला असता."

प्रश्न होता: तुमच्या वाडीत पर्यटक येऊन राहिलेले चालतील का? घराघरात उत्तर आलं—होय. एकही 'नाही' नाही. इतका स्वच्छ तक्ता कुणाला मिळतो?

निघाले त्या दिवशी भागूबाई पोचवायला आली. वाडीची शीव ओलांडेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग थांबली.

"आता सांगते. बंगले नको हायत आम्हाला. कोणालाच नको."

"मग सगळ्यांनी हो का म्हटलं?"

"घरात बसलेल्या पाव्हण्याला नाय कसा म्हणायचा गो? पोरीचं स्थळ मोडायचा झाला तरी आम्ही तोंडावर नाय बोलत. तिऱ्हाइताकडनं निरोप धाडतो. तू शिकलेली हायस. तू सांग त्यांना."

म्हणजे ती उत्तरं नव्हतीच. पाहुणचार होता. हे ओळखायला जे वाचावं लागतं ते सगळं मी वाचलं होतं—लिहिलंही होतं, त्याच प्रकरणात! तरी तक्ता बदलला नाही. मार्गदर्शक म्हणाले असते, एका बाईच्या बोलण्यावरून? पदवी लांबली असती. एवढंच होतं का? हो. एवढंच.

पण खरं सांगायचंय ते हेही नाही. मी अजून आडवळणानेच चाललेय.

वर्षभराने वाडीत बैठक झाली. भागूबाईची पडवी मोठी, म्हणून तिथे. बांधकामवाल्याचा माणूस माझा प्रबंध घेऊन आला होता. मलाही बोलावणं होतं. मार्गदर्शक कौतुकाने सोबत आले होते. त्या माणसाने तक्ता वाचून दाखवला आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही इथे राहिलात. सगळी घरं राजी आहेत ना?"

वाडीतले लोक कसे बोलणार—पाहुणे घरात बसलेले. सगळे माझ्याकडे बघत होते. भागूबाई दारात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. निरोप सांगणारं माणूस आलं होतं ना!

मी म्हणाले, "हो. सगळी."

तिने काय केलं असेल? आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. मला कप देताना हात थोडा थांबला, इतकंच.

मग सह्या झाल्या, अंगठे उठले. माळाला तारेचं कुंपण पडलं. चारा नाही म्हणून गुरं एकेक करून विकली गेली. भागूबाईच्या दोन्ही म्हशीही. ती मुंबईला मुलाच्या खोलीत राहायला गेली. पत्ता माझ्याकडे होता. मी एकदाही गेले नाही.

गेल्या महिन्यात ती वारली. तेराव्याचं कार्य वाडीतच होतं. तिच्या मुलाने, किसनने, मला आवर्जून बोलावलं. आज त्याला सांगून टाकायचं, असं घाट चढताना ठरवलं होतं.

तो म्हणाला, "आय तुमचं नाव काढायची, मॅडम. कधी वाईट नाय बोलली."

मी तोंड उघडलं—आणि विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का?"

पंगतीत मला भिंतीशी मानाची जागा दिली. पहिलं पान माझं वाढलं. वाढणारी बाई म्हणाली, आणखी घ्या. मी घेतलं.