मागे राहिलेले एकेचाळीस

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, या विश्वाच्या भवितव्याची काळजी वाहणारा जगात आज एकच माणूस उरला आहे, आणि तो अकोल्यात पंपाच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. तो माणूस आमचा साडू आहे. शास्त्रज्ञ मंडळी यानं सोडतात, दुर्बिणी रोखतात, हे मला मान्य आहे. पण संध्याकाळी घरी जाऊन ती जेवतात आणि झोपतात. आमचे साडू जेवत नाहीत. ताट वाढलेलं असतं, बायको हाका मारत असते, आणि हे अंगणात येरझारा घालत स्वतःशी म्हणत असतात, "पण इंजिन बंद होतं तं नौका वळली कशी?" पुढ्यात गिऱ्हाईक असलं तरी फरक पडत नाही. एकदा बार्शीटाकळीकडच्या एका शेतकऱ्याने पंपाचा वॉशर मागितला, तर यांनी त्याला अर्धा तास गुरुत्वाकर्षण समजावून दिलं. त्या भल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग वॉशर कोणता देता, मोठा का लहान?"

हे सगळं एका मालिकेपायी. 'नौका क्रमांक नऊ' नावाची ती परदेशी मालिका हिंदीत बोलते आणि आमच्या साडूंनी ती पहिल्या भागापासून आठव्या पर्वापर्यंत इतक्या वेळा पाहिली आहे, की नौकेत दिवाणखाना कुठे आणि मोरी कुठे हे त्यांना स्वतःच्या घरापेक्षा जास्त पाठ आहे. पण मालिका त्यांनी कधी बसून पाहिली नाही. बसणं हा प्रकारच त्यांच्या शरीरात नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढायला उभे राहतात, एसटीत जागा असून दांड्याला धरून उभे असतात, आणि मालिका लागली की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतात. अमरावतीला आमच्याकडे आले की आमचा दहा बाय बाराचा हॉल त्यांना पुरत नाही. मग हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी असा फेरा सुरू होतो आणि कप्तान संकटात सापडला की फेऱ्याचा वेग वाढतो. एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि नम्रपणे म्हणाले, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का? डॉक्टर बोलावू का?" आमच्या मेहुणीबाई शांतपणे म्हणाल्या, "बोलवा. पण तो बी याहिच्या मागं मागं फिरीन."

नौका म्हातारी झाली, मालिका संपली, आणि सगळं शांत होईल असं वाटलं, तोच तिची एक उपमालिका निघाली. उपमालिका म्हणजे काय, हे आमच्या सासूबाईंना समजेना. साडूंनी एका दमात समजावलं: "आई, हे पाहा. मूळ मालिका म्हंजे तुमची पोरगी. अन् उपमालिका म्हंजे मी अन् हे. रक्ताचं नातं नाई, पण दिवाळीले येऊन टपकतोच का नाई?" सासूबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजे बिनकामाची."

साडूंचं मतही नेमकं तेच होतं. त्याचं कारण असं. मूळ मालिकेच्या तिसऱ्या पर्वात एका अंतराळतळावर हल्ला होतो, कप्तान घाईने नौका काढतो आणि तळावर एकेचाळीस माणसं मागे राहतात. कप्तान एक उसासा टाकतो, पुढचा भाग सुरू होतो, आणि पुढची पाच पर्वं त्या एकेचाळिसांचं नावही कुणी काढत नाही. उपमालिका त्यांची. ते काय खातात, कशाला घाबरतात, खिडकीतून बाहेर बघत नौकेची वाट कशी पाहतात. साडूंना हे खपेना. यात त्यांच्या कप्तानाची बदनामी होती.

आता मास्टरांना आणायला हवं. साडूंच्या दुकानाच्या समोरच्या ओळीत एका टेलर मास्टरांचं छोटं दुकान आहे. साठीचे गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात टेप, आणि माणसाकडे पाहिलं की डोळ्यांनीच माप घेण्याची सवय. बरीच वर्षं दोघांचा संबंध फक्त रामराम-सलामापुरता होता. एका पुतणीच्या लग्नात घालायला साडूंना कप्तानाचा कोट हवा होता. घरच्यांनी हात जोडले, पण ते फोनमधला फोटो घेऊन मास्टरांकडे गेलेच. मास्टरांनी चष्मा वर केला, फोटो पाहिला आणि विचारलं, "कोणत्या पर्वाचा पाह्यजे? तिसऱ्याच्या बाद कॉलर बदलली त्याची."

साडू म्हणतात, त्या क्षणी त्यांनी मास्टरांच्या टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. सगळ्या अकोल्यात आपण एकटेच आहोत असं समजून जगलेल्या माणसाला समोरच्या ओळीत दुसरा सापडला होता. कोट शिवला गेला. लग्नात साडू तो घालून वाढत फिरले, आणि नवरदेवाकडच्या मंडळींनी त्यांना बँडवाला समजून गाण्याची फर्माईश केली, ही गोष्ट वेगळी.

मास्टर मात्र उपमालिकेच्या बाजूचे निघाले. त्यांचं सगळं शास्त्र शिलाईवर चालायचं. "कप्तानचे कपडे पाहा," ते म्हणायचे, "आठ पर्वं झाली, एक सुरकुती नाई. लढाई करून राह्यला का फोटो काढून राह्यला? अन् या तळावरच्या लोकायचे पाहा. कोपरावर ठिगळ हाय. ठिगळाचा धागा बी दुसऱ्या रंगाचा हाय. हे खरे लोक होत."

"अहो, पण कप्तान काय करीन?" साडू दुकानाबाहेर येरझारा घालत ओरडायचे. "थांबला असता तं दोनशे मेले असते!"

"मी कुठं म्हन्तो थांबाचं होतं? मंग वापस याचं होतं ना! पाच पर्वं झाली भाऊ. एकदा तरी इचारलं काय, कोन राह्यलं मांगं?"

"त्याले दुसरे कामं नाईत काय?"

"कामं सगळ्यायलेच असतात. आदमी टाकून जात नसते कोनी."

दर शुक्रवारी दुपारी साडेबाराला नवा भाग यायचा. साडू दुकानाचं शटर अर्धं ओढून मास्टरांकडे जायचे. मास्टर शिलाईयंत्रावर बसून पाहायचे, साडू कापलेल्या कापडांमधून फिरत पाहायचे. पाहून झालं की तासभर भांडण. ज्याची निंदा करायची ती मालिका साडूंनी एकही आठवडा चुकवली नाही, हे मी एकदा लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "दुश्मनावर नजर ठेवा लागते."

या काळात साडूंचा एक नियम फार कडक झाला: शेवट सांगायचा नाही. कुणी गोष्टीचा शेवट आधी सांगितला की ते त्याला 'भाग फुटला' म्हणायचे, परीक्षेचा पेपर फुटावा तसा, आणि फोडणाऱ्याला शिक्षाही तशीच. मी एकदा नकळत, जिलबी खाता खाता, एक पात्र मरतं एवढंच बोलून गेलो. तीन महिने आमचं बोलणं बंद. निरोप त्यांच्या बायकोकडून माझ्या बायकोकडे यायचे, "त्याहिले सांगजो, मोटार दुरुस्त झाली." असंच सेमाडोहला आम्ही दोन्ही कुटुंबं सहलीला गेलो, तो दिवस नेमका शुक्रवार निघाला. जंगलात फोनला रेंज नाही. साडेबारापासून साडू हातात फोन धरून सागाच्या झाडांखाली फिरत होते. शेवटी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, वरून तिसऱ्या पायरीला, रेंज सापडली. त्याच वेळी खाली रस्त्यावरून वाघ गेला. आम्ही सगळ्यांनी पाहिला, पोरांनी पाहिला, गाडीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. साडूंनी, रेंज टिकली तेवढी, भागाची अकरा मिनिटं पाहिली. हळहळ व्यक्त करायला गेलो तर मलाच समजावलं, "वाघ काय, कुठं जाते? मास्टरले सांगाचं होतं मले, हवा संपत आली त्यायची."

आणि मग या वर्षी मास्टरांच्या छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या, तीन नळ्या बंद निघाल्या, आणि ऑपरेशनसाठी त्यांना अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. साडू दुकान बंद करून आमच्याकडे मुक्कामाला आले. ऑपरेशनची तारीख मिळाली शुक्रवारची, सकाळी नऊची. आणि त्याच शुक्रवारी दुपारी साडेबाराला उपमालिकेचा शेवटचा भाग येणार होता. नौका परत येते की नाही, ते त्यात कळणार होतं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो. मास्टर पलंगावर, उशाशी त्यांच्या बेगम, आणि साडू दोन पलंगांच्या मधल्या बोळीत चालत होते.

"उद्या मी टेबलावर राहीन तवा," मास्टर म्हणाले. "तुमी पाहून घेजा. अन् मी उठलो का अदुगर सांगजा, नौका आली का नाई."

"शेवट मी कोनाले सांगत नसतो. तुमाले मालूम हाय."

"अन् नाई उठलो तं?"

बेगमनी "या अल्लाह, क्या बोल रहे" म्हणून त्यांच्या दंडावर चापट मारली. साडू सरळ बाहेर गेले. वीस मिनिटांनी परत आले ते हातात एक नारळ, सहा केळी आणि एक नवी कोरी छत्री घेऊन. छत्री कशाला, ते त्यांनाही सांगता येईना. मास्टरांनी तिचं कापड बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "शिलाई कच्ची हाय." मग दोघांनी पाऊण तास कप्तानावरून भांडण केलं. शेवटी नर्सने आम्हाला हाकललं. भांडताना मास्टरांचा चेहरा मात्र चांगलाच टवटवीत दिसत होता.

शुक्रवारी मास्टर आत गेले आणि साडूंनी चालायला सुरुवात केली. दवाखान्याचा दुसरा मजला, जिना, पहिला मजला, आवार, रिक्षांची रांग, परत आवार, परत जिना. बेगम बाकावर तसबीहचे मणी ओढत बसल्या होत्या. साडू समोरून गेले की क्षणभर मान वर करायच्या. साडेबारा वाजले. एक वाजला. सव्वाच्या सुमारास साडूंच्या खिशात फोन टुंग टुंग वाजू लागला. 'नौका मित्रमंडळ, अकोला-अमरावती' या गटात चाळीस माणसं आहेत आणि चाळिसांचीही मतं एकाच वेळी येत होती. साडूंनी फोनकडे न पाहता तो माझ्या हातात कोंबला. "बंद करा. तुमी बी वाचू नका. तुमचं तोंड कच्चं हाय, सगळं तिथं छापून येते." त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहणंही सोडलं. समोरून आलो की मान भिंतीकडे. मी फोन बंद करून खिशात ठेवला आणि खरं सांगतो, वाचला नाही.

दोन वाजून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले, तेव्हा साडू खाली होते. डॉक्टरांनी बेगमना आणि मला सांगितलं, सगळं नीट झालं, अजून एक दिवस जपायचं. बेगम रडू लागल्या. मी धावत खाली गेलो. साडू रसवंतीच्या गाडीपलीकडे भिंतीकडे तोंड करून उभे होते, दोन्ही कानांत बोटं. मी खांद्याला हात लावला. त्यांनी वळून माझं तोंड पाहिलं आणि घट्ट डोळे मिटले.

"सांगू नका."

"अहो, भागाचं नाही. मास्टर—"

"तेबी सांगू नका!"

रसवाल्याने चाक फिरवणं थांबवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळपासून हा माणूस जिन्यावरून खाली-वर पळत होता, ते मालिकेपासून नव्हे. मी त्यांची बोटं एकेक करून कानातून काढली आणि सांगितलं. ते ऐकून साडू तिथेच, रसवंतीच्या गाडीशेजारच्या दगडावर बसले. बावीस वर्षांत मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो. चांगली दहा मिनिटं बसले. रसाचा ग्लास पुढे केला तर तो दोन्ही हातांनी धरून त्याकडे नुसते पाहत राहिले. एरवी सतत हलणारे त्यांचे पाय स्थिर दिसले आणि मला उगाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. उठा, चाला, काहीतरी ओरडा, असं म्हणावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टरांच्या तोंडातली नळी काढली. अतिदक्षता विभागात दोघांना, दोनच मिनिटं, आणि अजिबात आवाज न करता, अशी ताकीद देऊन नर्सने आम्हाला आत सोडलं. मास्टर पांढऱ्या चादरीखाली पार लहान झाले होते. डोळे उघडले, आम्हाला ओळखलं, आणि ओठ हलले. मी वाकलो तेव्हा ऐकू आलं.

"आली का... नौका?"

साडू त्यांच्या कानाशी वाकले. कुजबुजायचाच विचार असावा, पण तेवढा लहान आवाज देवाने त्यांना दिलेलाच नाही. सगळ्या पलंगांवरच्या माना वळल्या, नर्स धावत आली, आणि तरीही ते पूर्ण बोलूनच थांबले:

"मले काय मालूम, बावा! तुमाले इथं टाकून मी एकटा पाहीन काय?"