सांभाळ वो

खोटं कशाला बोलू, लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरची खुर्ची मलाही हवी होती आणि माझ्या मैत्रिणीलाही. जुन्या सिस्टर रिटायर होणार होत्या, आणि त्यांच्यामागे आम्ही दोघीच सीनियर. तरी ड्युटी जुळली की कुडव्याहून एकाच स्कूटीवर यायचो. खरंतर चार्ज देताना रिपोर्ट बुकात दोघींनी सही करायची असते. आम्ही कधीच केली नाही. चाव्यांचा जुडगा हातात ठेवायचा, "सांभाळ वो" म्हणायचं, झालं.

नर्सेसचा संप सकाळी आठपासून होता. माझी नाईट आठलाच संपत होती, पण चिचगडची एक पहिलटकरीण कळा देत होती. तिला सोडून जाऊ कशी? तेवढ्यात ही आली.

"तू जाय संपाच्या मंडपात. हे मोकळी झाली का मी आलीच."

मी जुडगा तिच्या हातात दिला आणि गेले. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. ही काही आली नाही. बायका विचारायच्या, तर मीच सांगायची, अडली असेल हो डिलिव्हरी. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. मूर्ख कुठली मी!

चौथ्या दिवशी संप मिटला. आत गेले, तर माझ्या नावानं नोटीस. रिपोर्ट बुकात त्या सकाळच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पेशंट कळा देत असताना ड्युटीवर कोणी आढळले नाही.' मी चार्ज दिला म्हणून ओरडले. हॉस्पिटलचे साहेब म्हणाले, सही दाखवा. कुठून दाखवू?

खुर्ची तिला मिळाली. मी तिला गाठलं. "काऊन केलं असं?"

गॉजच्या घड्या घालत ती म्हणाली, "तुले इन्चार्ज व्हायचं होतं, मले नव्हतं का?" मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. अंगाची लाही लाही झाली माझी.

पुढं काही वर्षांनी भरदुपारी तिला सालेकशाहून फोन आला, आई पडली म्हणून. ती धावत माझ्याकडे आली, जुडगा पुढं केला.

"सांभाळ वो."

मी रिपोर्ट बुक उघडून तिच्यापुढं सरकवलं. "आधी सही."

तिनं केली. पेन ठेवताना म्हणाली, "एवढाही भरोसा नाही का माह्यावर?"

"नाही."

तिचे डोळे भरून आले. बाई गं, जसा काही दगा मीच दिला होता!