खिळ्याविना जुळलेली जाळी

पाटणच्या पाठशाळेतली ती खिडकी मला अजून स्पष्ट दिसते – सालवृक्षाच्या शेकडो बारीक काड्या उभ्या-तिरप्या गुंफून सिद्ध केलेली, शतकांच्या धुराने काळवंडलेली; आणि हिवाळ्यातल्या सकाळी तिच्यातून येणारे ऊन, चाळणीतून झरणाऱ्या पिठासारखे, आमच्या उघड्या पोथ्यांवर सांडत असे. आतल्या अंधारातून आम्हांला रस्ता दिसे, पण रस्त्यावरच्यांना आम्ही दिसत नसू. माझे वडील काशीला वेदाध्यापन करीत. नेपाळातल्या त्या पाठशाळेचे निमंत्रण त्यांनी स्वीकारले तेव्हा माझी नुकतीच मुंज झाली होती, आणि संध्येच्या मंत्रांबरोबर त्या नगरीची रूपेही माझ्या चित्तात कोरली गेली.

काय ती नगरी होती... विटांच्या चौकात वाळत घातलेले भात, वळचणीला टांगलेली मक्याची सोनेरी कणसे, मोहरीच्या तेलाचा आणि धुपाचा एकमेकांत मिसळलेला गंध. एका जागी उभे राहून मान फिरवली की वास्तुकलेच्या तीन परंपरा दृष्टीस पडत. एकावर एक निमुळती होत जाणारी देवळांची छपरे आणि त्यांचा भार पेलणाऱ्या तिरक्या लाकडी टेकूंवर कोरलेले देव. शेजारीच आपल्याकडच्यासारखे दगडी शिखर. आणि थोड्या अंतरावर शुभ्र, अर्धगोल स्तूप. खोऱ्यातल्या तीन राज्यांचे मल्ल राजे परस्परांशी झुंजले ते शस्त्रांनी तसेच देवळांनीही – एकाने उभारले की दुसऱ्याने त्याहून देखणे उभारायचे. मानवी ईर्ष्येचे इतके पवित्र फळ मी पुढे कोठे पाहिले नाही.

पुढे नेपाळच्या राणा पंतप्रधानांच्या काळात पांढऱ्या गिलाव्याचे विलायती धाटणीचे प्रासाद आले, त्यांच्यामागून काचा आल्या, आणि जाळीच्या खिडक्या जुनाट ठरू लागल्या. आमच्या खिडकीचा एक कोपरा कुजला तेव्हा पुष्कळांनी काचच सुचवली. वडिलांनी ते मानले नाही. त्यांनी खोऱ्यातल्या नेवार समाजातल्या आशाकाजी नावाच्या वृद्ध सुतारांना बोलावले. खिळा नाही, सरस नाही. काड्यांना खाचा पाडून ते त्या अशा बसवीत, की प्रत्येकीला दुसरीने धरून ठेवावे. एके दुपारी ते जेवायला गेले असता एक काडी मला सैल वाटली, आणि आपल्या हातून सेवा घडावी अशा शुद्ध बुद्धीने मी तिला एक खिळा ठोकला.

परतल्यावर आशाकाजी आधी खिळ्याकडे आणि मग माझ्या शेंडीकडे पाहत राहिले.

‘‘हा कोणत्या वेदात सांगितलाय, पंडितजी?’’

‘‘काडी सैल होती,’’ मी म्हणालो.

‘‘धरणी हलते तेव्हा सगळ्या काड्या थोड्याथोड्या हलतात, म्हणून कोणतीच मोडत नाही. तू एकीला बांधून ठेवलीस. पहिली तीच मोडेल.’’ मग आठ दिवसांचे काम त्यांनी न रागावता उकलले. काड्या खोलीतच मांडून ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘लाकूड अजून बाहेरचं आहे. त्याला या घराची हवा लागू दे.’’ त्यानंतर जुळलेली ती खिडकी मी पाटण सोडीपर्यंत तसूभरही ढळली नाही.

आता मी कतारमध्ये, अल वक्राला, मुलाकडे राहतो. श्रीरंगने यंदा आमच्या देवघराला दार करायचे ठरवले आणि बिरकत अल अवामेरच्या कामगार वसतीतून रत्नलाल नावाचा सुतार आला. तो भक्तपूरचा निघाला. नऊ वर्षे तो इथे काँक्रीटच्या साच्यांच्या फळ्या ठोकीत होता.

‘‘जाळी येते का?’’ मी नेपाळीत विचारले.

तो थबकला. ‘‘येत होती, बाजे.’’ आपल्याकडे आजोबा म्हणावे तसे तो मला बाजे म्हणू लागला. ‘‘वडील कोरीवकाम करतात. फोन केला की म्हणतात, फळ्याच ठोक आता, बोटं तर तिकडे विकलीस.’’

तो कायमचा घरी परतणार होता. त्यापूर्वी आपली बोटे अजून आपली आहेत का, एवढेच त्याला पाहायचे होते.

शुक्रवारच्या सुट्टीत त्याने वसतीवर काड्या घडवल्या. आमच्याकडे आणून निम्मी जाळी जुळवली, आणि पुढची काडी काही केल्या शिरेना. विमानाला नऊ दिवस उरले होते.

‘‘दोन खिळे मार नि खलास,’’ श्रीरंग म्हणाला. ‘‘कोणाला दिसणारेत?’’

रत्नलालचा हात खिशाकडे गेला. मी म्हटले, ‘‘खिळा नको. समुद्राच्या दमट हवेनं लाकूड फुगलंय. आठ दिवस इथे एसीच्या कोरड्या हवेत राहू दे.’’

‘‘बाबा, त्याचं विमान आहे.’’

‘‘आदल्या दिवशी येईल तो.’’

ते आठ दिवस मी काड्या देवांपुढे मांडून रोज उलटवीत होतो... आणि विमानाच्या आदल्या दिवशी रत्नलाल आला नि त्या खाचांत गेल्या! एकामागून एक, हलका ‘टुक्’ असा नाद करीत, जणू घर ओळखून आत शिरणारी माणसे. शेवटची काडी बसली, चौकट आवळली गेली, आणि रत्नलालने तळहाताने जाळीवर जोराने थाप मारली. सारी जाळी एकजीव होऊन घुमली. एकही काडी निसटली नाही.

‘‘मानलं बुवा,’’ श्रीरंग म्हणाला.

रत्नलालने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. वृद्धाने कौतुकाचा शब्द काढला नाही. ‘‘जवळून दाखव. अजून जवळ,’’ असे करीत पुष्कळ वेळ निरखून ते म्हणाले, ‘‘आता मला आत ठेव आणि दार लाव.’’

त्याने फोन देवांच्या पुढ्यात, बाहेर तोंड करून उभा केला आणि दार लावले.

‘‘तू मला दिसतोस,’’ आतून आवाज आला. ‘‘मी दिसतो का?’’

‘‘नाही, बा. उजेड तेवढा दिसतो.’’

‘‘मग जाळी झाली. ये आता घरी.’’

रत्नलाल हात जोडून तसाच उभा राहिला. दार उघडण्याची घाई आम्ही कोणीच केली नाही.