आईची तांबी

धाकट्या भावाच्या वेळी आईला झटके आले होते. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी वडिलांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही, जीव जाईल. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी अकरा-बारा वर्षांची असेन. आमच्या कडावच्या घरात त्यानंतर कितीतरी दिवस एकच खल चालला होता, काय करायचं आणि कुणी करायचं.

नर्सबाई पडवीत बसून एकेक उपाय सांगायच्या. गोळ्या चांगल्या, पण आईचं ब्लडप्रेशर चढायचं, म्हणून तिला नकोत. निरोध फुकट मिळायचे. वडिलांनी ते निमूट घेतले आणि आळीतल्या पोरांनी त्यांचे फुगे केले, तेवढाच त्यांचा उपयोग झाला. आईचं ऑपरेशन करावं तर तिच्या अंगात रक्त नाही. शिवाय नंतर बरेच दिवस हंडा उचलायचा नाही म्हटल्यावर आजीचा चेहराच पडला. गर्भपिशवीत तांबी बसवावी तर अंगावर आणखी जायची भीती. राहिलं वडिलांचं.

"सगळ्यात सोपं तेच," नर्सबाई म्हणाल्या. "सकाळी जायचं, दुपारी घरी."

आजी ताडकन उठली. "आणि नांगर कोण धरील? बाप्याची ताकद जाते त्यानं."

वडील बैलांना पाणी पाजायला उठून गेले. आमचा नांगर खच्ची केलेले बैलच ओढत होते, पण हे त्या घरात कुणाला सुचलं नाही. मग आईनंच तांबी बसवून घेतली.

तांबीनं दिवस राहिले नाहीत, हे खरं. पण तिचं अंगावर जाणं वाढलं आणि महिन्यातले निम्मे दिवस ती बाजूला बसायला लागली. पडवीच्या कोपऱ्यात तिची घोंगडी, तिचा वेगळा तांब्या. बाळाला पाजायची वेळ झाली की आजी, कपड्यांना विटाळ नको म्हणून, ते काढून त्याला आईकडे सोडायची आणि परत घेताना अंगावर पाणी शिंपडायची. थंडीत तो कळवळून रडायचा. आई हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. मला आजीचा संताप यायचा. खरं सांगायचं तर आजही येतो.

भात खळ्यावर आलं, झोडणीला माणसं कमी पडली, आणि आईला तर खळ्याकडे फिरकायचीही बंदी. आजी एकदा म्हणालीच, "काढून टाक गं ती तांबी. घरात असून नसल्यासारखी झालीस." आईनं ऐकलं. कामासाठी नव्हे, तिला बाळाला मनासारखं उचलून घ्यायचं होतं. तांबी काढली तेव्हा नर्सबाईंनी तिच्याबरोबर वडिलांना निरोप धाडला, आता तरी तुम्ही या.

"झोडणी होऊ दे, मंग बघू," वडील म्हणाले.

झोडणी झाली. मग वाल पेरायचे होते. मग भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे होते.

लावणीच्या दिवसांत आईला सातवा महिना होता. झटके आले तशी तिला कर्जतला न्यायला शेजाऱ्यांच्या टेंपोत घातलं. वाटेतली दहिवली येईपर्यंत ती गेली होती. पोटातलंही गेलं.

दहाव्याला नदीवर मुली जात नसत. मी हट्टानं गेले. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मामा म्हणाला, पोरांकडे आमी बघू, काळजी करू नको. कावळे लांब झाडावर बसून राहिले. पाऊस भुरभुरत होता. शेवटी वडील पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत हुंदके देत म्हणाले, "मी करून घेतो ऑपरेशन. खरंच करतो. जा तू आता."

 मोठ्या काकांनी वडिलांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

"गप रं. असलं काय बोलू नको चारचौघांत. तुला अजून लगीन करायचं हाय."

वडिलांनी जोडलेले हात खाली घेतले. मग कुणीतरी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि आम्ही घरी आलो.