बिननंबरची कार्डं

११ मे. गहू वाळत घालायचा होता. त्याच फेरीत कार्डांची खोकीही गच्चीवर नेली. कसर लागली होती, ऊन देणं भाग होतं.

माझे मिस्टर संगमनेरच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायचे. आयर्लंड-वेल्सकडच्या जुन्या केल्टिक भाषांत ‘जास्त लवकर’, ‘जास्त नीट’ असं सांगायला शब्दांना जोडायचे प्रत्यय कसे तयार झाले, हे शोधण्यात त्यांची नोकरी सरली. एका कार्डावर एक रूप. कुठलं रूप कशातून आलं, ते फक्त कार्डांच्या क्रमात होतं. त्यावरून पुस्तक लिहायचं राहिलं होतं, आणि दोन वर्षांपासून त्यांची स्मृती जाते आहे.

जुन्या साडीवर कार्डं पसरली. दुपारी गहू हाताने वरखाली केला, तशीच कार्डंही केली. शेजारच्या गच्चीवरून म्हातारी म्हणाली, “वैनी, कागदाच्या कुरडया घातल्या व्हय? तळून बघा, फुलत्यात का.” मी हसले. संध्याकाळी गठ्ठे ठोकून सारखे केले आणि खोक्यांत भरले.

नंतर चहा घेताना मिस्टरांनी एक खोकं उघडलं. पाचसहा कार्डं पाहिली.

“ही ओळ कुणी मोडली?”

“मी. नंबर का नाही घातलेत?”

“मधे नवीन सापडायचं गं. नंबर घातला की मधे जागा उरत नाही.”

हे इतकं स्पष्ट बोलले की मला आशा वाटली. “मग लावा परत. तुम्हालाच येतं ते.”

त्यांनी दोन कार्डं शेजारी ठेवली. अदलाबदल केली. पुन्हा पहिल्यासारखी ठेवली. तासाभराने तीच दोन कार्डं समोर होती.

“याच्या आधी काय होतं?” त्यांनी मला विचारलं.

मी बारावीनंतर डेअरीत कामाला लागले. मला काय माहीत असणार? आणि दुसऱ्या कुणाला विचारावं, तर तसा माणूस आमच्या ओळखीत नाही. तो क्रम एकाच डोक्यात होता. तिथेही आता नव्हता. त्यांनी कार्डं खाली ठेवली आणि जेवायला काय आहे ते विचारलं. मी पिठलं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेन्सिल घेऊन बसले आणि कार्डं होती त्याच क्रमाने नंबर घातले. क्रम चुकीचा होता, हे मला ठाऊक होतं; पण आता मधे नवीन काही सापडणार नव्हतं, आणि आहे ती ओळ तरी पुन्हा मोडायला नको होती. ते शेजारी बसून एकेक कार्ड माझ्या हातात देत राहिले. दुपारपर्यंत दोन खोकी झाली. मग गहू कोठीत भरला.