आत्तीची खवखव

ऐका, हे आत्ताच लिहून टाकते, उद्या माझा धीर होणार नाही. आज दुपारी मैत्रिणीकडे जेवायला अळूचं फदफदं होतं आणि ते जाम खवखवलं. बाकीच्या सगळ्या हसत गूळ चघळत बसल्या. मी मात्र पानावरून उठले आणि मागच्या पडवीत जाऊन ढसाढसा रडले. आमच्या आत्तीसाठी.

आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, रत्नागिरीला आमच्याकडेच राहायची, तिथल्याच एका शाळेत शिवण शिकवायची. तिचं एक ठरलेलं. स्वतःला काहीही झालं की दोष कुणाच्या तरी स्वयंपाकाचा! शिंक आली, काकडीची कोशिंबीर. पायात गोळा आला, वालाची उसळ. एकदा पायरीवरून घसरली तर म्हणते, "अगो, सकाळच्या उपम्यात तेल जास्त होतं!" आई म्हणायची, "वन्सं, तुम्ही मेलात तरी माझ्या आमटीवर केस कराल." मग दोघी हसत सुटायच्या.

तिला हाडांचं जुनं दुखणं होतं. हाडं आतून ठिसूळ होत चाललेली. मनगट दोनदा मोडलं, त्यात एकदा तर नुसती बादली उचलताना. शेवटी डॉक्टरांनी वर्षातून एकदा सलाईनमधून औषध द्यायचं ठरवलं. पहिल्या वेळी घरी आली आणि तापाने फणफणली, अंगअंग ठणकायला लागलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, औषधानेच होतं, दोन दिवसांत उतरेल. आत्तीचा निकाल वेगळाच. "औषध कसलं डोंबलाचं! कॅन्टीनची इडली आंबट होती." आम्ही पोट धरून हसलो. ताप उतरलाही.

पुढच्या वर्षी तिच्यासोबत मी गेले होते. सलाईन संपल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "ह्यांचं कॅल्शियम खाली जाऊ शकतं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर लगेच घेऊन यायचं." मी मान डोलावली. मुंग्या. लक्षात ठेवलं होतं हो मी, खरंच ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आईने फदफदं केलं. दोन घास खाऊन आत्ती ओठ चोळायला लागली. "अगो सुधा, अळू खवखवतंय! चिंच घातलीस की नाही?"

आई चिडली. "आमच्या कुणाला नाही ते खवखवत! तुमचीच जीभ नाजूक."

मी तर ओठ चोळून तिची नक्कल पण केली.

संध्याकाळी म्हणाली, बोटांनाही खवखवतंय. "सकाळी अळू मीच चिरलं ना, म्हणून." आम्ही तिला हाताला लावायला खोबरेल दिलं. खोबरेल! डॉक्टर मुंग्या म्हणाले होते आणि ती खवखव म्हणत होती. एवढाच तर फरक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप धरताना तिची बोटं चोचीसारखी वळली, सरळच होईनात. मग झटका आला आणि ती मोरीपाशी कोसळली. खुबा मोडला. हॉस्पिटलात शिरेतून कॅल्शियम दिलं, झटके थांबले. पण त्या अंथरुणातून ती उठलीच नाही. दीड महिन्याने गेली. नंतर आवरताना कोकमाच्या बरणीमागे कॅल्शियमच्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या, एकही न फोडलेली. पोट बांधतं त्यांनी, म्हणायची.

जायच्या आदल्या आठवड्यात तिने आईचा हात धरला होता. "सुधा, तुझं अळू चांगलं होतं हो. मीच उगाच बोलले." जन्मात पहिल्यांदा तिने स्वयंपाकावरचा आरोप मागे घेतला आणि नेमकं तेच आईला सोसलं नाही. "नाही हो वन्सं, खवखवतच होतं," म्हणत आई रडत राहिली. परसात अळू आता कमरेएवढं माजलंय. आमच्यातलं कुणी त्याला हात लावत नाही.

तुमच्या घरात आहे का कुणी असं, ज्याचं बोलणं 'ह्यांचं नेहमीचंच' म्हणून हसण्यावारी नेलं जातं? तुम्हाला कळलं होतं का वेळेत?