अर्जाची वाट

एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे काय, हे आमच्या भंडाऱ्याच्या कार्यालयात कोणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. वरून पत्र आलं होतं, म्हणजे करायचं होतं. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मला कॉम्प्युटर येतो असा माझ्याबद्दल एक जुना गैरसमज आहे. सोप्या भाषेत, सगळ्या कार्यालयाचा नकाशा काढायचा: कोण काय करतं, कुठल्या प्रणालीत करतं, फाइल कुठून कुठे जाते. प्रत्येक कामाला चौकोन, प्रत्येक वाटेला बाण.

त्यात मला जीव ओतावासा वाटला तो नाकाडोंगरीच्या एका बाईंमुळे. त्यांना शेतात सिंचन विहीर मंजूर करून हवी होती. अर्ज आमच्या टेबलांवरून फिरत होता आणि त्या तुमसरला बस बदलून अर्जाच्या मागे. "मावशी, हा नकाशा झाला का दोन-तीन टेबलं कमीच करते मी," असं मी त्यांना सांगून बसले.

नकाशासाठी सगळ्यांना एकत्र बसवलं. हेडक्लार्कनी आपला चौकोन पाहिला आणि खुर्चीतून उठलेच.

"त्या लेखा शाखेच्या मॅडम माह्यापेक्षा ज्युनिअर हायेत. त्यायचा चौकोन माह्या वरतं काहून?"

चौकोन कामाचे आहेत, माणसांचे नाहीत, हे मी परोपरीने सांगितलं. पण एकदा शंका शिरली ती शिरलीच. कोणीतरी सेवाज्येष्ठता यादी मागवली. यादीप्रमाणे चौकोन लागले, साहेबांचा सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा. मग बाणांनाही तसंच जावं लागलं. पूर्वी जी फाइल दोन टेबलं टाळून गुपचूप पुढे सरकायची, तीही आता धाकट्यापासून थोरल्यापर्यंत सगळ्यांना भेटूनच जाणार होती. मी भांडले, समजावलं, शेवटी कंटाळले. बाहेर बाकावर त्या बाई बसलेल्या दिसत होत्या. मी चहा पिऊन आले आणि बाण काढत बसले.

साहेब नकाशावर खूश झाले. "हा अपडेट ठेवायले एक वेगळं टेबल पायजे," ते म्हणाले. ते मलाच मिळालं. प्रत्येक अर्ज नकाशाप्रमाणे फिरला की नाही हे तपासून मी सही करते. त्याशिवाय तो साहेबांकडे जात नाही. सगळे अभिनंदन करून गेले. मला नुसती झोप येत होती.

परवा बाई आल्या. हेडक्लार्कनीच त्यांना माझ्याकडे धाडलं होतं.

"तुमी टेबलं कमी करून राहिल्या होत्या न, मॅडम? मंग हे नवीन कोनाचं?"

"माहंच हाय, मावशी."

त्या फाइल पुढे सरकवून उभ्या राहिल्या. बसा म्हणायचंही मला सुचलं नाही. मी पानं उलटली. मधल्या एका टेबलाची सही राहिली होती. मी त्यांना परत पाठवलं.